जे झालं तेच सांगायचं

मला हळू बोलता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आलंय. बेळगावातल्या वडगावात, आमच्या गल्लीत, कुणालाच हळू बोलता येत नाही. आमच्या घरात दोन यंत्रमाग, शेजारी तीन, समोर दोन, आणि सकाळी बटन दाबलं की सगळ्यांचा एकदम खडखडाट. त्यात आईला साधं "चहा टाकलास काय?" विचारायचं तरी घसा फोडावा लागतो. बाहेरचं माणूस पहिल्यांदा माझ्याशी बोललं की दचकतं. "भांडताय काय?" म्हणून विचारतं. अहो, भांडत नसते मी. भांडते तेव्हा न विचारताच कळतं.

बी.कॉम. झालं, टॅलीचा कोर्स झाला, आणि मी नोकरी शोधायला लागले. पहिला इंटरव्ह्यू खडेबाजारातल्या एका कापड दुकानात, बिलिंगच्या कामासाठी. काचेचं दार, आत एसी, आणि मालक इतकं हळू बोलणारे की त्यांचं म्हणणं मला ओठांवरून ओळखावं लागत होतं. मी तोंड उघडलं की साड्या बघणाऱ्या बायका माना वळवायच्या. "ताई, जरा हळू. आम्ही इथंच आहोत," असं ते दोनदा म्हणाले. तेवढं एक वेळ चाललं असतं. पण शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" आणि मी कामाचं सोडून, पगाराचं सोडून भलतंच विचारलं, "रविवारी सुट्टी असते ना?"

"रविवारीच तर गिऱ्हाईक असतं."

"मग जमणार नाही," म्हटलं, आणि फाईल उचलून बाहेर आले.

घरी सांगितलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, नोकरी मागायला गेलतीस का सुट्टी मागायला?"

रविवारी दुपारी चारला फुटबॉल असतो. टीव्हीवरचा नव्हे. अनगोळच्या वाटेला लाल मातीचं एक मैदान आहे, तिथं गल्लीगल्लीच्या टीमा खेळतात. आमच्या गल्लीची टीम पिवळा शर्ट घालते आणि हरते. मी सांगतेय त्या वर्षी तर एकही मॅच जिंकली नव्हती. एकदा चुकून बरोबरी झाली तेव्हा गल्लीत फटाके वाजले होते.

ह्याच टीममधून माझे वडील, आप्पा, खेळायचे. लग्नाआधी, विंगला, सात नंबरचा शर्ट घालून. आठवडाभर मागावर उभं राहायचं आणि रविवारी दीड तास पळायचं. पुढं खेळणं सुटलं, पण बघणं सुटलं नाही. मी चार वर्षांची असल्यापासून मला खांद्यावर बसवून न्यायचे. मैदानाच्या कडेला दगडी कठडा आहे, त्याच्या पार टोकाला, कॉर्नरच्या झेंड्याजवळ आमची जागा. फुटबॉलचं वेड मला तिथंच लागलं. पोरगी म्हणून कुणी कधी काही बोललं असलं तर माझ्या ओरडण्यात ते मला ऐकू आलं नाही.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना साखरेच्या दुखण्यानं आप्पांची नजर गेली. सगळी नाही गेली. डोळ्यांपुढं मधोमध काळा डाग, आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. "जे बघायचंय तेवढं सोडून बाकी सगळं दिसतंय बघ," असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे. मला मात्र ते ऐकून हसू येत नसे. मागावरचा धागा त्यांना दिसेना, तेव्हा माग आईनं हातात घेतले आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम माझ्याकडे आलं. आप्पा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायला लागले.

नजर गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी चार वाजत आले तरी ते उठले नाहीत.

"बॉलच दिसत न्हाय तर जाऊन काय करू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर ते माहीत नाही. त्यांच्यावर, साखरेवर, देवावर. "मला दिसतोय न्हवं? मी सांगते. उठा," म्हटलं, आणि हाताला धरून ओढतच नेलं.

पाच मिनिटांत त्यांनी मला गप्प केलं. "आला गेला, आला गेला, काय सांगतीस? कुणाकडनं आला? कुठल्या पायावर घेतला? म्होरं कोण हाय? नीट सांग की गं."

मग मी शिकले. सात नंबर उजव्या अंगानं निघालाय, मोकळा हाय, मान वर करून बघतोय, घातला आत, नऊ नंबर उशिरा पोचला, हात् तुझ्या, गोलकीपरनं उचलला. असं दीड तास, श्वास न घेता. मैदानावर आरडाओरडा असायचा, पण मागाच्या खडखडाटात तयार झालेला माझा आवाज, त्याला काय होतंय? हळूहळू दोन-तीन म्हातारी माणसं आमच्याजवळ सरकून बसायला लागली. चांगले डोळे असलेली माणसं! एक म्हणाले, "तुझं ऐकत बघितलं की जास्त कळतंय पोरी." आप्पांची मान अशी ताठ झाली म्हणून सांगू.

खोटं मी एकदाच सांगितलं. आमच्या सात नंबरसमोर रिकामा गोल होता. गोलकीपर पडलेला, बॉल पायाशी, आणि ह्या बहाद्दरानं हवेतच लाथ मारली. बॉल बुटाखालून गेला. सगळा कठडा हळहळला. आप्पांच्या अंगावर पूर्वी ज्या नंबरचा शर्ट होता त्याची ही फजिती मला सांगवेना. मी ओरडले, "मारला! काय मारला आप्पा! बारला लागून गेला!"

आप्पांनी मैदानाकडं कान केला. मग म्हणाले, "बारचा आवाज कुठाय?"

"लोखंडी बार हाय गं तो," तेच पुढं म्हणाले. "माग चालवलेत मी जन्मभर. शेजारच्या खोलीत धागा तुटला तरी मला हिकडं कळायचं. बारला बॉल लागलेला कळणार न्हाय व्हय?" चिडले नव्हते ते, चिडले असते तर बरं वाटलं असतं. "हे बघ, तू सांगतीस तेवढंच माझं बघणं. त्यात खोटं घातलंस तर मी काय बघायचं? हरलो तर हरलो म्हण. हितं बसल्यावर जे झालं तेच सांगायचं."

"चुकलं आप्पा," म्हटलं. डोळे भरून आले, पण मॅच चालू होती, पुसायला वेळ नव्हता. कॉर्नर मिळाला होता, तो सांगायला लागले.

तर हा माझा रविवार. आणि नोकरीची दुनिया ह्या रविवारावरच टपून बसलेली. आम्हा सीमेवरच्या पोरांना दोन्ही सरकारांचे फॉर्म भरता येतात. कर्नाटकाचा भरायचा तर कन्नडचा पेपर, महाराष्ट्राचा भरायचा तर रहिवासाचा दाखला आणि त्यासाठी तहसीलच्या चकरा. पासपोर्ट फोटो मी इतके काढले की फोटोवाला मला बघितलं की न सांगता पांढरा पडदा सोडायचा. ह्या दोन सरकारांचं एरवी कशावरच जमत नाही, पण एका गोष्टीत एकी पक्की आहे. परीक्षा रविवारी.

एकदा निपाणीला एका पतसंस्थेची क्लार्कची परीक्षा होती. सकाळचा पेपर. गोल काळे करायचे होते, मी तासाभरात करून मोकळी झाले. तर सुपरवायझर बाई सोडेनात. "वेळ संपेपर्यंत बसायला लागतंय." बसले. समोर घड्याळ, हातात पेन, आणि डोक्यात आज आपला दोन नंबर खेळणार की त्याचा पाय अजून सुजलेलाच आहे, हा विचार. सुटल्यावर स्टँडवर पळत गेले. बस निघाली ती घाटात एका ट्रकच्या मागं अडकली. बेळगावात उतरून रिक्षानं मैदानावर पोचले तेव्हा हाफ टाइमची शिट्टी वाजत होती. आप्पा एकटेच कठड्यावर बसले होते, शेजारच्या काकांनी आणून बसवलेले.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला. स्कोअर किती?"

"दोन-शून्य. आपल्यावर." मग म्हणाले, "तू आल्यावर बरं वाटलं बघ."

त्या परीक्षेच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्यानंतर मी एक गाढवपणा केला. पुढच्या दोन परीक्षांना मी गेलेच नाही. हॉल तिकीट पर्समध्ये, आणि मी कठड्यावर. घरी म्हटलं, पुढं ढकलली. आईला पर्समध्ये किल्ली शोधताना दोन्ही तिकिटं सापडली आणि घरात जे काही झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. सात माग बंद ठेवून ऐकलं म्हणायला हरकत नाही.

आप्पा मात्र ओरडले नाहीत. आई दमल्यावर म्हणाले, "माझ्यापायी असलं करणार असशील तर मी कठड्यावर पाय ठेवणार न्हाय. तुझी आई एकटी किती वर्षं माग ओढणार? नोकरी मिळाली की पहिली नोकरी. मग रविवार असू दे न्हाय तर दिवाळी. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं.

आणि नोकरी मिळायची वेळ आली ती माझ्या आवाजामुळे. उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, यंत्रांच्या सुट्या भागांचं एक गोडाऊन आहे, तिथं माल पाठवण्याच्या नोंदी ठेवायला माणूस पाहिजे होतं. एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला लोखंड कापायचं मशीन. बाप रे, काय तो आवाज! मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. मॅनेजर बाई कन्नडमधून विचारायच्या, मी अर्धं कन्नड अर्धं मराठी उत्तर द्यायचे, आणि पहिल्यांदाच मला कुणी "हळू बोला" म्हणालं नाही. उलट त्या म्हणाल्या, "त्या गेटपाशी ट्रकजवळ हमाल उभे आहेत, एकाला इथून हाक मारून दाखवा." मी मारली. आमचे हमाल वळलेच, पलीकडच्या गोडाऊनचे दोघेही वळले. बाई हसायला लागल्या. "उद्यापासून या."

"सुट्टी?" तोंडातून निघून गेलंच.

"सोमवारी."

म्हणजे रविवार गेला. पण कबूल म्हटलं होतं. येते म्हणून सांगितलं.

आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. आप्पांनी स्वतःच्या वाटणीची साखर बोटानं चाखायचं नाटक केलं आणि आईची बोलणी खाल्ली. मी विचारलं, "आता मॅच कोण सांगणार तुम्हाला?" तर म्हणाले, "गल्लीतली माणसं मेलीत काय? शेजारचा हाय की."

शेजारचे काका माणूस सोन्यासारखा, पण बोलायचं त्यांना जड जातं. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी घरी आले तर आप्पा हसत हसत तक्रार करत होते. "गोल झाल्यावर दोन मिनिटांनी म्हणतोय, 'झाला वाटतं.' कुणी केला विचारलं तर म्हणतोय, 'पिवळ्यानं न्हाय.' एवढंच!" मीही हसले. दुसऱ्या रविवारी त्यांनी तक्रार केली नाही. "बसलो आपला ऊन खात," एवढंच म्हणाले. मला जेवण गेलं नाही.

काम मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू? माणसं चांगली होती, मॅनेजर बाई माझ्या नोंदींवर खूश होत्या. पण रविवारी चार वाजले की मी कॉम्प्युटरसमोर असायचे आणि डोक्यात काका म्हणत असायचे, 'झाला वाटतं.' तिसऱ्या आठवड्यात शनिवारी सकाळी मी मागाच्या खोलीत आईला गाठलं. गुपित सांगायचं होतं, पण दोन्ही माग चालू, मग ते गुपितही ओरडूनच सांगावं लागणार. आमच्याकडे तसंच असतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मला हे जमत न्हाय! उद्याचा रविवार करते, आणि मंगळवारी गेल्यावर नोकरी सोडली म्हणून सांगून येते! दुसरी बघते, रविवार सुट्टीची! आप्पांना सांगू नकोस!"

नेमका "आप्पांना"पाशी एका मागाचा धागा तुटला आणि तो माग थांबला. दुसरा चालू होता म्हणून मी जीव भांड्यात पाडून घेतला. आई तुटलेला धागा जोडायला वाकली. मी पडदा सारून पुढच्या खोलीत डोकावले. आप्पा खुर्चीवर तसेच बसले होते, तोंड रस्त्याकडे. ऐकलं नसावं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर माझी नेहमीची बस चुकली. दुसरी पकडली, ती अनगोळच्या वाटेनं आली. खिडकीत बसले होते. मैदान आलं तशी सवयीनं मान वळली. मैदानात मांडव घातला होता. कुणाचा तरी सत्कार होता, तांबडा गालिचा, खुर्च्यांच्या रांगा, माईकवर "हॅलो हॅलो" चाललेलं. गोलचे खांब उपटून कठड्याला टेकवून ठेवले होते. मॅच झालीच नव्हती. अरेरे, म्हटलं मनात, आज आप्पांना तेवढं ऊनही मिळालं नसेल.

घरी आले. दारात आप्पांच्या चपला होत्या, मैदानाची लाल माती त्यांना लागलेली नव्हती. आप्पा पुढच्या खोलीत माझी वाटच बघत होते.

"आलीस? बस, बस. अगं, आज काय मॅच झाली म्हणून सांगू!"

मी आईकडे बघितलं. तिनं पाठ फिरवली आणि स्वयंपाकघरात गेली.

"काकांनी सांगितली?" मी विचारलं.

"सांगितली म्हणजे? तोंडाचा पट्टाच सुरू होता त्याचा आज! सुधारलाय बघ लई. आधी आपल्यावर दोन गोल झाले. मग सात नंबर पेटला. उजव्या अंगानं निघाला, मोकळा, मान वर करून बघितलं, घातला आत, नऊ नंबर टायमात पोचला आज, पायानं ढकलला. दोन-एक! मग फाऊल झाला, त्यावर दोन-दोन." आप्पा खुर्चीच्या कडेला आले होते. दोन्ही हात हवेत, एक हात सात नंबर, दुसरा गोलकीपर. नजर नेहमीप्रमाणे माझ्या थोडी बाजूला, म्हणजे कडेनं मला बघत होते. "शेवटची दोन मिनिटं राहिलीत. बॉल सात नंबरकडं. समोर रिकामा गोल..."

"आणि?" माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा हळू निघाला.

"डाव्या पायानं मारला. बारच्या आतल्या अंगाला लागून आत! ठण्णकन आवाज आला गं, कानात अजून हाय. तीन-दोन!"

ज्या माणसानं मला एका खोट्या बारसाठी धरलं होतं, तो माझ्यासमोर बसून अख्खी मॅच रचत होता, गोल, फाऊल, बारच्या आवाजासकट. कालचं माझं ओरडणं ऐकून, दिवसभर खुर्चीवर बसून जुळवली असणार. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि हसूही येत होतं.

"खरंच आप्पा?" मी विचारलं. "लोकांनी काय केलं मग?"

"काय करतील? नाचली!" आणि मग जरा सावरून, अगदी गंभीर होऊन म्हणाले, "जे झालं तेच सांगतोय. तू नसलीस तरी मॅच चांगली हुतीया. कळलं न्हवं?"

"कळलं," म्हटलं. "ते दोन-एकचं परत सांगा की."

त्यांनी परत सांगितलं. ह्या वेळी नऊ नंबरनं डोक्यानं मारला होता. आईनं आतून चहा आणला आणि तीही ऐकत उभी राहिली.

मंगळवारी मी कामावर गेले आणि गपचूप नोंदी लिहायला बसले. त्या नोकरीवर मी अजून आहे. पुढं मॅनेजर बाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या महिन्यातून एक रविवार मला दुपारीच सोडायला लागल्या. त्या दिवशी कठड्यावर आप्पा, मी आणि काका असतो, आणि मी जे होतं तेच सांगते. मांडवाचं मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्या वर्षी आम्ही जिंकलेली तेवढी एकच मॅच होती.